सेल्फ दाबला की क्लच केबल तापायची

रत्नागिरीजवळच्या मिऱ्यावरच्या काकांची 1986 ची बुलेट मागच्या आठवड्यात टेम्पोत घालून माझ्या गॅरेजला आली. काम होऊन ती परतही गेली, पण डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय. लोखंडी बॅरल, 346 सीसी, गिअर उजवीकडे ब्रेक डावीकडे. काकांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी किक बंद सांगितली, म्हणून मुलाने दोन वर्षांपूर्वी घाटावर नेऊन सेल्फचं किट बसवून आणलं. प्रायमरीचे (इंजिनच्या डाव्या बाजूच्या चेनचे) केस बदलले, नवी वायरिंग ओढली, फ्रेमला पावडर कोटिंग. दिसायला गाडी एक नंबर. पण दोन वर्षांत दोन बॅटऱ्या, एक सेल्फची मोटर आणि दोन वनवे क्लच (मोटरचा फेरा इंजिनला देणारे, इंजिनचा मोटरला न देणारे) गेले. प्रत्येक वेळी जे मेलं ते बदललं, का मेलं ते कुणी बघितलं नाही. आमच्या लाईनीत मिस्त्री कमी आणि पार्ट बदलणारे जास्त झालेत.

काका म्हणाले, "अरे ही नुसती शोभेला उभी आहे. मला भाट्यापर्यंत तरी जाऊन येऊ दे."

बटण दाबलं की मोटर कुंथायची, अर्धा फेरा आणि ठप्प. कुणीही बॅटरीच म्हणेल. मी बटण दाबून ठेवून बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर लावला तर 11.9 व्होल्ट. इथेच गोम आहे. बॅटरी खरंच बसलेली असती तर लोडवर नऊच्या खाली आली असती. बॅटरीला दम आहे आणि मोटर तरी रडतेय, म्हणजे करंट वाटेत कुठेतरी अडतोय. पॉझिटिव्हची बाजू तपासली, ठीक. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिनच्या केसला, परत बटण. तिथे जेमतेम अर्धा व्होल्ट यायला हवा, आले 4.2. तेवढ्यात माझ्या हाताखालचा पोरगा ओरडला, "दादा, वास येतोय!" बघतो तर क्लचच्या केबलमधून धूर. हात लावला तर चटका बसला.

झालं काय होतं, किटवाल्याने बॅटरीची अर्थ (मायनसची) वायर फ्रेमला दिली होती, आणि फ्रेम, इंजिन प्लेटा सगळ्यांवर पावडर कोटिंगचा जाड थर. इंजिनला फ्रेमचा धड टचच नाही. मोटरला शंभरेक अँपिअर लागतात, तेवढा करंट मिळेल त्या वाटेने जाणार, म्हणून तो हँडलवरून क्लच केबलमधून गिअरबॉक्सला जात होता. त्यात अर्थच्या थिंबलमध्ये (वायरच्या टोकाच्या धातूच्या टोपीत) आतून हिरवी बुरशी चढलेली, वरून चकचकीत. समुद्राकाठी दोन पावसाळे काढले की तांब्याचं हेच होतं, थिंबल कापून बघितल्याशिवाय कळत नाही. पेट्रोलच्या टाकीजवळून जाणारी केबल धुमसत होती आणि मी टेस्टिंगच्या नादात पाच-सहा वेळा बटण दाबलं, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

बॅटरीच्या मायनसपासून थेट इंजिनच्या बोल्टला 16 चौरस मिमीची वायर ओढली, बोल्टखालचा रंग खरवडून पांढरं केलं, वर व्हॅसलीन चोपडलं. मीटर 0.2 वर. बटण दाबलं, इंजिन झपाट्याने फिरलं आणि लगेच धाडकन बॅक किक, म्हणजे इंजिनचा उलटा झटका! वनवे क्लच कसे फुटत होते ते तिथेच कळलं. स्पार्क वेळेआधी पडतोय, पिस्टन वर पोचायच्या आत उलटा ढकलला जातोय आणि सगळा दणका त्या वनवे क्लचवर. पहिल्या दोन क्लचच्या वेळी तर मोटर अर्धमेली फिरत होती, पिस्टनला टॉपच्या पलीकडे न्यायची ताकद तिच्यात नव्हती, म्हणजे बॅक किकला आयतंच मोकळं रान.

सीबी पॉईंटचं, म्हणजे स्पार्क पाडणाऱ्या स्विचचं, झाकण काढलं. गॅप बरोबर होता. पॉईंट उघडणारा कॅम हाताने फिरवून सोडला तर स्प्रिंगने परत यायला हवा, आलाच नाही. इंजिनचा वेग वाढला की स्पार्क आधी पाडणाऱ्या ॲडव्हान्स युनिटची वजनं गंजून उघडी राहिली होती. म्हणजे गाडी स्लोवर असली तरी टायमिंग पूर्ण ॲडव्हान्स. रॉकेलमध्ये भिजवलं, बारीक पॉलिश पेपर मारला, पिनांना तेलाचा एकेक थेंब, मग पॉईंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरून टायमिंग लावलं. खर्च म्हणाल तर वाटीभर रॉकेल. सेल्फवर पहिल्याच दाबात गाडी लागली, काकांनी ॲमीटरचा काटा बघितला आणि काही न बोलता माझा हात दाबला.

मग निघता निघता म्हणाले, "ऑपरेशनच्या आधी वर्षभर ही माझा पाय फेकायची रे. वाटायचं, वय झालं, आपल्यालाच किक जमत नाही. गुडघा तेव्हाच गेला."

त्या वर्षी ती गाडी माझ्याकडेच सर्व्हिसिंगला येऊन गेली होती. पॉईंट मी घासले होते, गॅप लावला होता, रजिस्टरला तशी नोंद आहे. कॅम हाताने फिरवून बघितल्याचं मला आठवत नाही. गुडघा आधीच दुखत असेल, वयही होतंच, हे सगळं मला कळतं. पण काकांना मी अजून काही सांगितलेलं नाही. पुढच्या रविवारी ते नवीन क्लच केबलचं ॲडजस्टमेंट करून घ्यायला येणार आहेत.