आमची वाटचाल: घसाऱ्यावरून बर्फावर

आमचं ऑफिस म्हणजे सदाशिव पेठेतल्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत दोर वाळत असतात, मागच्या खोलीत हिशेब चालतो. सुरुवात सह्याद्रीतल्या ट्रेकनी, घसाऱ्यावरून म्हणजे सुट्या माती-दगडांच्या उतारांवरून झाली. बर्फाचं काम ठरवून घेतलं नाही. आमचेच काही ट्रेकर गुलमर्गला स्कीइंग शिकून आले आणि मागे लागले, "आता गोंडोलाच्या (तिथल्या रोपवेच्या) बाहेरच्या उतारांवर ने." मीही तिथला मूलभूत कोर्स केला होता. वळता येत होतं, थांबता येत होतं. तेवढं पुरेल असं वाटलं.

पहिल्या हंगामात सहा जणांना घेऊन गुलमर्गच्या अफरवाट डोंगरावर, ३,९०० मीटरच्या वर, गोंडोलातून उतरलो. आभाळ निळंशार. सोबतच्या काश्मिरी गाइडला आम्ही चाचा म्हणतो. त्यांनी काठी बर्फात खोल खुपसली, हळूच बाहेर काढली आणि म्हणाले, "आज नहीं." पैसे भरलेले सहाजण माझ्या तोंडाकडे बघत होते आणि 'का' ते मला सांगता येईना. दोघांना पैसे परत द्यावे लागले. चाचांचं बरोबर होतं का, तेही कधी कळलं नाही. या धंद्यात हेच अवघड आहे. चुकीचा निर्णयसुद्धा बहुतेक वेळा पचून जातो.

पुढचे दोन हिवाळे चाचांच्या हाताखाली काढले. स्कीइंग थोडं, खोदकाम फार. हंगामाच्या सुरुवातीला बर्फ पातळ आणि रात्री कडाक्याच्या असल्या, की तळाचे कण सुटे होतात. मुठीत दाबले तरी गोळा होत नाही, जाड्या रव्यासारखे गळतात. मग चिल्लई कलानच्या, म्हणजे काश्मीरच्या ऐन थंडीच्या चाळीस दिवसांत त्यावर नवा थर चढतो. खालचे कण सुटे असले, की हा थर अख्खा घसरू शकतो; तेच हिमस्खलन. त्याची परीक्षा अशी: ३० सेंमी लांबी-रुंदीचा बर्फाचा खांब कापायचा, वर फावड्याचं पातं ठेवायचं आणि मनगटातून दहा, कोपरातून दहा, खांद्यातून दहा थापा मारायच्या. कितव्या थापेला कुठला थर सरकतो, ते वहीत लिहायचं. पण एका खांबावरून अख्ख्या उताराला हिरवा झेंडा दाखवायचा नाही. ३० ते ४५ अंशांचा उतार असेल, तर संशय धरूनच चालायचं.

एकेकाने उतरायचं, बाकीच्यांनी आडोशाला थांबायचं, हे मात्र शिकावं लागलं नाही. घसाऱ्यावर आपण तेच करतो.

स्नोबोर्डवाल्यांनी वेगळाच घाम काढला. त्यांच्या चढाईच्या खास बोर्डाचे उभे दोन भाग सुटे होतात, खाली चढाईच्या पट्ट्या चिकटवून वर जायचं आणि माथ्यावर बोर्ड पुन्हा जोडायचा. वाऱ्यात, हातमोजे घालून. एका गृहस्थांना पंचवीस मिनिटं लागली. तेव्हापासून ही जोडणी पुण्यातच घड्याळ लावून करून घेतो.

२०२३ च्या फेब्रुवारीत अफरवाटच्या हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले. त्यानंतर 'आज नाही'वर वाद घालणारे कमी झाले. तरी फॉर्मवर ठळक छापलंय: उतार त्या दिवशी सकाळी ठरेल, रद्द झाल्यास त्या दिवसाचे पैसे परत. हिशेबाच्या खोलीला हे अजून पटलेलं नाही.

गाडलेल्या माणसाच्या हातात पहिली दहा-पंधरा मिनिटंच असतात. म्हणून शोधयंत्राचा (प्रत्येकाच्या अंगावर असतं, गाडलेल्याच्या यंत्राचा सिग्नल पकडतं) सराव डिसेंबरातच, वेताळ टेकडीवर. यंत्र पालापाचोळ्यात लपवायचं, मोबाइल लांब ठेवायचा (जवळ असला की यंत्र भरकटतं) आणि जमिनीलगत धरून शोधायचं. परवा फिरायला आलेले एक आजोबा बराच वेळ बघत होते. शेवटी त्यांनी विचारलंच, "काय हरवलंय रे? अंगठी?"