ताई, मी नव्हतो

माइनक्राफ्ट हा ठोकळ्यांनी बांधकाम करायचा कॉम्प्युटर गेम. दिवाळीच्या सुट्टीत त्याच्या आमच्या सर्व्हरवर किल्ला स्पर्धा असते. अंगणातल्या किल्ल्याला माती, पोती आणि वर पेरायला अळीव लागतात, इथे नुसते दगडाचे ठोकळे. गेल्या वर्षी पाच-सहा मुलांनी मिळून राजगड केला होता. पद्मावती, सुवेळा, संजीवनी अशा तिन्ही माच्या आणि मधे बालेकिल्ला. त्यातली संजीवनीची दुहेरी, चिलखती तटबंदी एकट्या एका मुलाने बांधली होती, फोटो बघून बघून, महिनाभर. सर्व्हरवर तो किल्लेदार नावाने खेळतो.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाहुण्यांची ताटं घासत होते आणि ओट्यावरचा फोन थरथरायचा थांबेना. डिस्कॉर्डवर, म्हणजे आमच्या गप्पांच्या अ‍ॅपवर, साठेक मेसेज. कुणीतरी संजीवनी माची उडवली होती.

मी या सर्व्हरची मॉडरेटर, म्हणजे नियम सांभाळणारी. पोटापाण्याची नोकरी वेगळी, हे काम बिनपगारी. शिव्या मात्र नोकरीपेक्षा इथेच जास्त मिळतात.

ओल्या हातानेच लॅपटॉप उघडला. आमच्याकडे कोअरप्रोटेक्ट नावाचं प्लगइन आहे. कुणी कुठला ठोकळा ठेवला, फोडला, कुठल्या पेटीतून काय काढलं, कुठलं जनावर मारलं, सगळं त्यात वेळेसकट नोंदलं जातं. स्फोटाने जे फुटतं त्यावर मात्र माणसाचं नाव येत नाही, नुसतं ‘टीएनटी’, म्हणजे गेममधल्या सुरुंगाच्या ठोकळ्याचं नाव दिसतं. पण तो टीएनटी तिथे ठेवणाऱ्याचं नाव येतं. तेवीस टीएनटी, दुपारी सव्वादोन ते अडीच, सगळ्यांवर एकच नाव: पिंट्या१२. आणि टीएनटी निघाला होता पिंट्याच्याच पेटीतून.

चॅनेलवर मुलं ओरडत होती, ‘बॅन करा, बॅन करा’. आमच्या नागपूरच्या मॉडरेटरने सगळ्यांसमोर लिहिलं, ‘चोर सापडला’. मी पिंट्याला कायमचा बॅन केलं, वर त्याचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ताही बॅन केला आणि परत ताटांकडे वळले. दहा मिनिटांत निकाल. तेव्हा स्वतःचंच कौतुक वाटलं होतं, हे कबूल करते.

तासाभरात दोन वेगळ्याच मुलांच्या तक्रारी आल्या, आम्हाला का बॅन केलंय म्हणून. दोघांचा पिंट्याशी काडीचा संबंध नव्हता. फक्त तिघांचं मोबाइल इंटरनेट एकाच कंपनीचं होतं. मोबाइल कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक आयपीमागे बसवतात. मला हे माहीत होतं. दुपारच्या घाईत आठवलं नाही, एवढंच. आयपी बॅन काढला, दोघांची माफी मागितली.

तेवढ्यात पिंट्याचा अर्ज आला. ‘ताई, मी नव्हतो. मामेभाऊ आलाय आमच्याकडे, त्याने केलं. मी आईबरोबर बाजारात गेलो होतो.’

जो कुणी हे काम करतो तो इथे हसतो. ‘भावाने केलं’ हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की आम्ही मॉडरेटर आपसात त्याला ‘भाऊबीज’च म्हणतो. त्या दिवशी तर मुहूर्तही तसाच होता. नागपूरकराने लिहिलं, ‘काहून वाचत बसता ताई, बंद करा.’ पण आयपीचा घोळ नुकताच घातला होता, म्हणून यावेळी नोंदी पहिल्यापासून काढल्या. दुपारी फक्त माचीभोवतीच्या आणि टीएनटीच्या पाहिल्या होत्या.

दोन वाजता पिंट्याचं खातं आत आलं. चॅटमध्ये तीनदा टाइप केलं, ‘हाऊ टू फ्लाय’. तेव्हा सर्व्हरवर दुसरं कुणी नव्हतं. पिंट्या दोन वर्षं आमच्याकडे खेळतोय. आम्ही खेळतो त्या सर्व्हायव्हल प्रकारात नुसतं उडता येत नाही हे त्याला झोपेतही माहीत असणार. मग त्या खात्याने स्वतःचाच पलंग फोडला. घराची भिंत फोडली. दोन वाजून सात मिनिटांनी एक पाळीव लांडगा मारला. माइनक्राफ्टमध्ये लांडग्याला हाडं खाऊ घातली की तो आपला कुत्रा होतो. हा कुत्रा पिंट्याचा होता, नाव मोती. नेमटॅग लावून ठेवलेला. मग पेटीत टीएनटी सापडला. तो तिथे का होता, तर नेदर या गेममधल्या पाताळात एन्शंट डेब्री हा दुर्मिळ धातू शोधायला पुष्कळजण तसा वापरतात. एका टीएनटीला पाच गनपावडर आणि चार वाळू लागतात. क्रीपर नावाचे राक्षस मारून मारून जमवलेला माल तो, असा कुणी उधळत नाही.

नागपूरकर म्हणाला, नाटक करता येतं. येतं ना. पण समोर कुणी नसताना, पुढे पकडले जाऊ म्हणून आधी स्वतःच्या कुत्र्याला मारून ठेवायचं, एवढा विचार चौदा वर्षांचा मुलगा करेल? मला पटलं नाही. शंभर टक्के खात्री आजही नाही. एकच घर, एकच कॉम्प्युटर, एकच खातं. बोटं कुणाची, ते नोंदीत येत नाही.

आमचा नियम साधा आहे: खातं ज्याचं, जबाबदारी त्याची. लॉगिन उघडं टाकून बाजारात जाणं ही पिंट्याची चूक होतीच. कायमचा बॅन काढून पाच दिवसांचा केला, आणि हे जिथे ‘चोर’ लिहिलं होतं त्याच चॅनेलवर लिहिलं. नागपूरकराला म्हटलं, तुझा मेसेज पुसू नकोस, त्याच्याखालीच काय ते लिही. तो दोन तास गप्प होता. मग लिहिलं, ‘चोर म्हणालो, चुकलं.’ माझ्या घाईबद्दल मीही लिहिलं.

सगळ्यात अवघड किल्लेदार होता. दुपारीच तो हाताने तट दुरुस्त करायला लागला होता. त्याला थांबवलं, म्हटलं हात लावू नकोस, मी रोलबॅक करते, म्हणजे नोंदींवरून सगळं पूर्ववत करते. रोलबॅकला मिनिटही लागलं नाही. आधी स्फोटांचं, मग पिंट्याच्या नावावरचं, आणि संजीवनी होती तशी उभी. मला वाटलं तो खूश होईल.

त्याने विचारलं, ‘म्हणजे शिक्षा कुणालाच नाही?’

मी म्हटलं, ज्याने केलं तो आपल्या सर्व्हरवर नाहीच. पिंट्याला पाच दिवस आहेत.

‘पाच दिवस. आणि माझा महिना?’

महिना परत आलाय की, असं टाइप केलं आणि पुसलं. अंगणातला किल्ला कुणी तुडवला तर आपण पोराला म्हणतो, पुन्हा कर. इथे पुन्हा करावाही लागला नाही, तरी त्याचा राग तसाच होता आणि मला तो चुकीचा वाटेना. शेवटी एवढंच लिहिलं की तुझ्या जागी मीही चिडले असते, पण नोंदीत दिसतंय त्याच्यापेक्षा जास्त शिक्षा मी देणार नाही. त्याने उत्तर दिलं नाही. चार दिवस तो आलाच नाही.

सहाव्या दिवशी पिंट्या आत आला. आधी घराकडे गेला, बराच वेळ तिथेच उभा होता. मग राजगडाच्या पायथ्याशी जाऊन चॅटमध्ये लिहिलं, ‘चोर दरवाजा राहिलाय ना अजून? मी करू का?’

किल्लेदार ऑनलाइन होता. मी कुकरच्या शिट्ट्या मोजत स्क्रीनकडे बघत होते. चौथ्या शिट्टीनंतर त्याचं उत्तर आलं.

‘दगड आण. दोन पेट्या भरून.’