तुम्ही विचारलंत म्हणून: मशीन म्हणालं ठीक, मग थेंब कशाला?

वाशीच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. डॉक्टरांच्या आधी तुम्हाला खुर्चीत बसवून नंबर काढणारी, प्रेशर बघणारी आणि शेवटी ‘मान मागे करा, वर बघा’ म्हणत बाहुली मोठी करणारे थेंब घालणारी ती मीच. हल्ली या शेवटच्या पायरीवर गाडी अडते. समोरच्याच्या खिशातून घडी घातलेला कागद निघतो, नाहीतर मोबाइलमधली पीडीएफ. “मॅडम, शुगरच्या डॉक्टरांकडे डोळ्याचा फोटो काढलाय. एआयनं दोन मिनिटांत सांगितलं, सगळं ठीक आहे. मग आता थेंब घालून तासभर कशाला बसवताय?” विचारणाऱ्यांत ऐरोलीच्या कंपन्यांतली मुलं असतात, एपीएमसीतले व्यापारी असतात, नेरूळचे निवृत्त आजोबा तर असतातच. बाहेर रांग लागलेली असते, त्यामुळे तिथे मी एका वाक्यात सुटका करून घेते. इथे घाई नाही.

मशीनवर माझा राग नाही, हे आधीच सांगते. फक्त तो कागद पूर्ण वाचा. वर ठळक अक्षरांत निकाल असतो आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की ही तपासणी मधुमेहामुळे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्यावर (रेटिनावर) होणाऱ्या बिघाडापुरती आहे. मशीनला एकच प्रश्न विचारलेला असतो: शुगरमुळे हा पडदा इतका खराब झालाय का, की डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवावं? त्याचं उत्तर ‘नाही’ असं आलं. तुमचे डोळे ठीक आहेत का, हे त्याला कुणी विचारलेलंच नव्हतं.

त्याला विचारलेलं काम मात्र ते बऱ्यापैकी चोख करतं. शुगर वाढलेली राहिली की पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या कमजोर होतात, त्यांना सूक्ष्म फुगवटे येतात, रक्ताचे ठिपके पडतात, चरबी झिरपून पिवळसर डाग साठतात. आणि हे सगळं चालू असताना माणूस तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचत असतो. दुखत नाही, खुपत नाही, अंधूक होत नाही. अंधूक व्हायला लागतं तेव्हा बराच उशीर झालेला असतो. म्हणून तक्रार नसतानाही दरवर्षी पडदा बघायचा, आणि इथेच घोडं पेंड खातं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीत देशात मधुमेह असलेले लोक १० कोटींच्या वर निघाले. इतक्या लोकांचा पडदा दरवर्षी डॉक्टरांनीच बघायचा म्हटलं तर डॉक्टरांना दुसरं काही करताच येणार नाही.

मग फोटो बघून हे काम संगणकाला जमेल का? गूगलच्या संशोधकांनी २०१६ मध्ये यावरचा त्यांचा पहिला मोठा अभ्यास छापला. त्यासाठी संगणकाला १,२८,१७५ फोटो दाखवून शिकवलं होतं, आणि त्यातला एकेक फोटो तीन ते सात डॉक्टरांनी आधी तपासलेला होता. ते फोटो अमेरिकेतले होते, तसेच अरविंद, शंकर नेत्रालय आणि नारायण नेत्रालय या आपल्याकडच्या रुग्णालयांतलेही. म्हणजे हे तंत्र थोडंफार आपल्याच लोकांचे डोळे बघून शिकलंय. पुढे २०१८ मध्ये औषधं आणि वैद्यकीय यंत्रांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएनं, डॉक्टरनं फोटो न बघता स्वतःच निकाल देणाऱ्या पहिल्या यंत्राला परवानगी दिली. त्याची परीक्षा साध्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांत, ९०० रुग्णांवर झाली होती. खराबी असलेल्या शंभरांतले सुमारे ८७ त्यानं पकडले, नसलेल्या शंभरांतले सुमारे ९० बरोबर घरी सोडले.

या आकड्याकडे कुठे उभं राहून बघताय, त्यावर सगळं आहे. जिथे कुणीच तपासत नव्हतं तिथे ८७ म्हणजे केवढी तरी कमाई. पण माझ्या खुर्चीत तुम्ही बसलेले असता, तेव्हा मला निसटलेल्या १३ जणांची काळजी करावी लागते.

आता थेंब. कॅमेरा बाहुलीतून आत बघतो, आणि साध्या फंडस कॅमेऱ्याच्या, म्हणजे पडद्याचा फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याच्या, एका फोटोत पडद्याचा साधारण ४५ अंशांचा मधला भाग येतो. त्यात डोळ्याची नस येते, नजरेचा मध्यबिंदू येतो, मोठ्या रक्तवाहिन्या येतात. खोलीच्या दारात उभं राहिलं की समोरची भिंत स्वच्छ दिसते, छताच्या कोपऱ्यातली ओल दिसत नाही, तसं ते आहे. कडेचा पडदा बघायचा तर बाहुली मोठी करावीच लागते.

एक तरुण आठवतो, मोठ्या मायनस नंबरचा. शुगर नुकतीच सीमेवर आलेली. कंपनीच्या आरोग्य शिबिरात फोटो झाला, निकाल ठीक. आठवड्याभरात एका डोळ्यापुढे काळे ठिपके आणि धागे तरंगायला लागले, अंधारात कडेला वीज चमकल्यासारखं व्हायला लागलं. तोही तोच कागद घेऊन आला होता आणि थेंबांना नको म्हणत होता, कारण बाइकवर आला होता. समजावून घातले. डॉक्टरांनी डोक्याला इनडायरेक्ट (कडेपर्यंतचा पडदा दाखवणारं दिव्याचं उपकरण) लावून, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर बारीक दाब देत त्याला वर, खाली, नाकाकडे, कानाकडे बघायला लावलं. वरच्या कानाकडच्या कोपऱ्यात पडदा घोड्याच्या नालेच्या आकारात फाटलेला होता. त्याच दिवशी भोवती लेझर मारलं. फाटलेल्या जागेतून आत पाणी शिरलं असतं तर पडदा सरकला असता आणि मग मोठं ऑपरेशन. कागद खोटा नव्हता. शुगरचा त्या फाटण्याशी काही संबंधच नव्हता.

काचबिंदूचंही तसंच. फोटोत नसेचा खळगा दिसतो आणि काही सॉफ्टवेअर त्यावरून शंका काढतात, पण प्रेशर फोटोत मोजता येत नाही, बाजूची नजर किती गेली हेही नाही. मध्यबिंदूला आलेली सूज सपाट फोटोत अंदाजानंच कळते. तिथे डाग आहेत म्हणजे सूज असेल, असा तो हिशेब. खरी जाडी ओसीटीत, म्हणजे पडद्याचे थर दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये कळते, तीही मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात). आणि मोतीबिंदू पिकलेला असेल तर फोटोच धुकट येतो.

थेंब सरसकट सगळ्यांना घालत नाही. डोळ्याचा पुढचा कोपरा अरुंद असेल तर थेंबांनी प्रेशर एकदम चढू शकतं, म्हणून आधी स्लिट लॅम्पवर (हनुवटी टेकवून बसता त्या दुर्बिणीवर) ते बघून घेतो. घरी पडून असलेल्या बाटलीतले थेंब घालून ‘तयार होऊन’ येणारे महाभाग असतात, त्यांना हात जोडते.

मशीनची बाजू मी कधी घ्यायला लागले, तेही सांगते. एपीएमसीच्या मसाला बाजारात शिबिर होतं. डोळे दाखवायला एक खाडा करा म्हटलं तर माथाडी माणूस करत नाही, त्याचं बरोबरही आहे. गाळ्याचं शटर अर्धं खाली ओढलं तरी उजेड यायचाच, म्हणून माणसाच्या डोक्यावरून, एआय असलेल्या फोनच्या कॅमेऱ्यासकट काळं कापड टाकलं. आत मिरचीचा ठसका, डोळ्यांना आधीच पाणी. बाहुली अंधारात आपोआप मोठी होते, पण एका डोळ्याला फ्लॅश पडला की दोन्ही बाहुल्या आकसतात. मग दुसऱ्या डोळ्यासाठी दोन-चार मिनिटं थांबायचं, आणि तेवढ्यात बाहेरून “आवरा, गाडी लागली” अशी हाक. कोपरखैरण्याचे एक काका, मूळचे साताऱ्याकडचे, गोणी उतरवूनच आले होते. शुगर आहे हे ठाऊक होतं, गोळ्या आठवतील तशा. फोटो निघाला, फोननं लगेच ‘डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा’ म्हणून लाल निकाल दिला. स्क्रीनवर त्यांना रक्ताचे ठिपके दाखवले, तर म्हणाले, “पण मला तर सगळं दिसतंय की.” मी पाच मिनिटं बोलून जे पटवू शकले नसते ते त्या फोटोनं केलं. पुढच्याच आठवड्यात ते मुलीला घेऊन आले. तिथे डॉक्टर दिवसभर बसणं शक्य नव्हतं, फोन बसला. मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत असा फोनवरचा, इंटरनेटशिवाय चालणारा एआय वापरून झालेला अभ्यास २०१९ मध्ये छापून आला आहे, त्यात आरोग्यसेवकांनीच फोटो काढले होते.

पण त्या दिवशी बऱ्याच जणांचा निकाल ‘फोटो वाचता येत नाही’ असाही आला. हे सगळीकडेच होतं. गूगलचं यंत्र थायलंडच्या सरकारी दवाखान्यांत वापरून बघितलं तेव्हा त्यानं पाचातला जवळजवळ एक फोटो नाकारला, खोलीतला उजेड हे त्याचं एक मोठं कारण. प्रयोगशाळेत हुशार ठरलेल्या यंत्राला खोलीचा दिवा आणि नेटचा वेग आडवा आला. तुमच्या कागदावर असं काही आलं असेल तर ते ‘ठीक’ धरू नका. त्याचा अर्थ बघितलंच गेलं नाही. उलट मोतीबिंदूची शंका अशा लोकांतच जास्त.

जाता जाता एक गंमत. २०१८ मध्ये गूगलच्याच लोकांनी दाखवलं की पडद्याच्या नुसत्या फोटोवरून संगणक बाई की पुरुष हे बहुतेक वेळा बरोबर ओळखतो. डोळ्यांच्या कुठल्याही डॉक्टरांना ते जमत नाही. मला हे जरा भीतिदायकच वाटतं.

‘मग औषधही त्यालाच विचारू का?’ असा पुढचा प्रश्न येतो. नाही. आपल्याकडच्या २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय की एआयवर चालणाऱ्या प्लॅटफॉर्मनं रुग्णाला सल्ला देऊ नये, औषध लिहू नये. ते डॉक्टरांनीच करायचं. एआय मदतीला चालेल.

तर शुगर असेल आणि शुगरच्या डॉक्टरांकडे फोटोची सोय असेल तर जरूर काढा, त्यांनी नाही विचारलं तर तुम्ही विचारा. टाइप दोनचा मधुमेह निघाला की लगेच पहिली तपासणी, मग दरवर्षी. गरोदरपणात आधीपासूनची शुगर असेल तर पहिल्या तीन महिन्यांतच. पण नवे ठिपके, चमक, पडदा ओढल्यासारखी सावली, मोठा मायनस नंबर, घरात कुणाला काचबिंदू, यातलं काही असेल तर कागद कितीही चांगला असो, थेंब घालून घ्या. झोंबतात, मान्य. वीस-तीस मिनिटं लागतात, नंतर चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं, त्यामुळे त्या दिवशी गाडी घरी ठेवा, गॉगल आणा आणि संध्याकाळी ऑफिसचं प्रेझेंटेशन ठेवू नका.

आणि फोटो काढलात की नुसता निकाल नका घेऊ, दोन्ही डोळ्यांचे मूळ फोटो मागून घ्या आणि मोबाइलमध्ये तारखेसकट ठेवा. व्हॉट्सॲपवर घेत असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर बारीक ठिपके पुसट होतात. पुढच्या वर्षी आमच्याकडे आलात की डॉक्टर जुना आणि नवा शेजारी शेजारी लावून बघतात, आणि काचबिंदूत वाढणारा नसेचा खळगा वाढलाय का हे त्यावरून जितकं कळतं तितकं कुठल्याच एका फोटोवरून कळत नाही.