कालवांच्या पोत्यावरची चिठ्ठी

पोतं रिकामं झालं की त्यावरच्या चिठ्ठीचं आपण काय करतो? काहीच नाही, पोत्याबरोबर तीही जाते. इथं अमेरिकेत ती ९० दिवस सांभाळतात.

कालवांचं, म्हणजे ऑयस्टर शिंपल्यांचं पोतं म्हणतेय मी. कालवं कोणी काढली, कुठल्या खाडीतून, कुठल्या तारखेला, परवाना नंबर काय, एवढं त्या चिठ्ठीवर असतं. पोत्यातलं शेवटचं कालव गिऱ्हाईकाच्या पुढ्यात गेलं की हॉटेलवाला त्या दिवसाची तारीख टाकून ती ठेवून देतो. आमच्या धक्क्यावरच्या छोट्या खानावळीत तर बुटाच्या खोक्यात तारीखवार लावलेल्या आहेत. ९० दिवसच का, तर दूषित कालवांतून होणारी कावीळ दिसायला कधी कधी ५० दिवससुद्धा लागतात. आज डोळे पिवळे झाले तर खाल्लेलं गेल्या महिन्यातलं असतं. तोवर चिठ्ठी कचऱ्यात गेली असेल तर शोधणार कुठून?

घरचे म्हणतात मला या चिठ्ठीचं वेड लागलंय. असेल. पण आधी काय झालं ते ऐका.

"आमची धाकटी अमेरिकेत शिंपले मिक्सरमधून काढते," असं आई गावभागात सांगते. चेष्टा आहे, पण चूक नाही. बाराएक कालवं उघडायची, मिक्सरमधून फिरवायची, खारट पेप्टोनच्या, म्हणजे जंतूंच्या खाऊच्या पाण्यात रात्रभर ३५ अंशांवर ठेवायची आणि सकाळी काय वाढलंय ते बघायचं. आम्ही शोधतो तो व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस, कॉलऱ्याच्या जंतूचा चुलतभाऊ. दोघांना एकाच प्रकारच्या हिरव्या थाळीवर वाढवलं तर कॉलऱ्याचे ठिपके पिवळे उठतात, याचे हिरवेच राहतात. कारण थाळीत घातलेली साखर त्याला पचते, याला पचत नाही. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात जन्मून पोरगी साखर न खाणाऱ्या जंतूच्या मागे लागली, हे अण्णांना इतकं आवडलं की मार्केट यार्डात सगळ्यांना सांगून झालंय.

हा जंतू गटारातून येत नाही, तो मुळात समुद्रातलाच. पाणी कितीही स्वच्छ असलं तरी तापलं की वाढतो. एक मोठं कालव दिवसाला दीडशे-दोनशे लिटर पाणी गाळू शकतं, त्यात हाही पोटात साठतो. आणि दिसत काही नाही. दूध नासलं तर वास येतो, चहात घातलं की फाटतं. कालव फाटत नाही. ताजं, चकचकीत, लिंबू पिळून गिळलं तर चवीलाही छान. दुसऱ्या दिवशी पोटात मुरडा आणि पाण्यासारखे जुलाब.

म्हणून नियम असा की उन्हाळ्यात कालवं काढल्यावर ठरावीक तासांत ती आतून १० अंश सेल्सिअसपर्यंत थंड झालीच पाहिजेत. आणि घड्याळ पोतं गाडीत टाकल्यावर सुरू होत नाही, पाणी ओसरून पहिलं कालव उघडं पडलं तिथून होतं. मी नमुने घेते ते हूड कॅनालवर, वॉशिंग्टन राज्यात. नावाला कॅनाल, पण खोदलेला नाही, समुद्राचा आत घुसलेला चिंचोळा हात आहे तो. (कालवांचा कालवा. हा विनोद इथं कोणाला सांगू? तुम्हीच हसून घ्या.) या भागात उन्हाळ्यातली मोठी ओहोटी नेमकी दिवसा येते, भर उन्हात. २०२१ च्या जूनअखेरीस सिएटलचा पारा ४२ अंशांवर गेला, त्याच दिवसांत अशा ओहोट्या होत्या. किनारेच्या किनारे शिंपले जागेवर शिजले, आणि जुलैत कालवं खाऊन आजारी पडणाऱ्यांची रीघ लागली. तेव्हा मी इथं नव्हते, पण माणसं ते वर्ष आपण सांगलीचा २०१९ चा पूर सांगतो तसं सांगतात.

पहिल्याच आठवड्यात ज्या म्हाताऱ्या कालवशेतकऱ्यानं मला हा नियम समजावला, त्याला मी मामाच्या गावचं दूध संकलन केंद्र सांगितलं. पहाटेची धार, साडेसहाला किटल्यांची रांग, फॅटचं मशीन, शीतकरणाची टाकी, उशीर झाला की दूध परत. तो म्हणाला, म्हणजे तुला हे आधीच येतं की. त्या दिवशी माझी छाती दोन इंच फुगली. दोन वर्षांत त्यानं माझं नाव एकदाही धड घेतलेलं नाही, पण माझ्या बर्फाच्या पेटीचं तापमान प्रत्येक खेपेला विचारतो.

तर गेल्या मंगळवारी मी त्याच्या कालवांच्या शेतात गमबूट घालून चिखलात होते आणि तपासनीस बाई आल्या. दुसऱ्या एका राज्यात एक माणूस आजारी पडला होता. हॉटेलातल्या चिठ्ठीवरून माग काढत पंधरवड्याच्या आत त्या या चिखलापर्यंत पोहोचल्या होत्या. म्हाताऱ्यानं पिकअपमधून वही आणली. ओल्या बोटानं पान उलटलं, एका ओळीवर नख ठेवलं. पेन्सिलीनं लिहिलं होतं: पाणी ओसरलं अमुक वाजता, बर्फात अमुक वाजता. मधे ५० मिनिटं जास्त. "गाडीचा पट्टा तुटला होता. चालून जाईल असं वाटलं. माझं चुकलं," एवढंच म्हणाला. बाईंनी लिहून घेतलं, किनाऱ्याच्या त्या भागातली काढणी थांबवली, बाजारात असलेला माल परत मागवायला सांगितला. आवाज कोणाचाच चढला नाही. मग त्यानं तिघांना थर्मासमधली कॉफी दिली. वाईट कॉफी.

मला धक्का दंडाचा किंवा बंदीचा बसला नाही. उशीर झाल्यावर त्यानं खरी वेळ लिहून ठेवली होती याचा बसला. माल पाठवला हे वाईटच, पण वही खरी होती.

आता मिरजेचं लग्न आठवणं साहजिक आहे. दोन वर्षांपूर्वी मावसभावाच्या लग्नात पन्नासेक माणसांना रात्रीत उलट्या-जुलाब सुरू झाले. मावशी म्हणाली नजर लागली. काका म्हणाले बर्फ. आचारी म्हणाला ऊन. मी एवढंच विचारलं, की बासुंदीचं दूध कुठून आलं आणि किती वाजता? मावशी कडाडली, "अगं, हे लग्नघर आहे की पोलीस चौकी?" शिवाय वजनाच्या नादात मी बासुंदीला हात लावला नव्हता, त्यामुळे संशयाची सुई थोडी माझ्याकडेही वळली. आजतागायत काय झालं ते कोणाला माहीत नाही. बरं, मी तरी काय केलं? उरलेली बासुंदी सकाळी नालीत ओतताना मी बघत उभी होते. वाटीभर बाजूला काढून मिरजेतल्या एखाद्या लॅबमध्ये नेता आली असती. चौथ्या दिवशी माझं विमान होतं.

पण म्हणून कोणी इथं मला "तुमच्याकडे असं काही नसेल ना" म्हटलं की माझं डोकं फिरतं. हे शहाणपण यांनी आईच्या पोटातून आणलेलं नाही. १९२४-२५ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्क, शिकागो आणि वॉशिंग्टन शहरात सांडपाण्यात वाढलेली कालवं खाऊन टायफॉइड पसरला. दीडेक हजार आजारी, दीडेकशे मेले, धंदा बसला, तेव्हा १९२५ मध्ये सरकार आणि व्यापारी नियम करायला एकत्र आले. आमचा जंतू पहिल्यांदा सापडला तो १९५० मध्ये जपानात, ओसाकात, सुकवलेल्या बारीक मासळीतून २७२ जण आजारी पडले आणि २० दगावले तेव्हा. त्याचं जगभर पसरलेलं वाण १९९६ मध्ये कोलकात्यात प्रथम ओळखलं गेलं, आणि तेही तिथल्या प्रयोगशाळा जुलाबाचे नमुने नेमानं तपासत होत्या म्हणून. इथल्या मीटिंगमध्ये कोलकात्याचं नाव घेताना सूर जरा वेगळा लागतो. शोधलं म्हणून सापडलं, हे दर वेळी मलाच सांगावं लागतं.

माझी एक मैत्रीण मासे मोजते. म्हणजे पोलॉक माशाच्या कानातला खडा काढून भिंगाखाली त्याची वळी मोजते, एक वळं म्हणजे एक वर्ष. अलास्काजवळच्या बेरिंग समुद्रात १९८२ पासून दर उन्हाळ्यात ठरल्या जागी जाळं टाकून मोजदाद होते. फक्त २०२० ची कोविडमुळे चुकली, आणि २०२१ ला जाऊन बघतात तर बर्फाळ पाण्यातले अब्जावधी खेकडे गायब. २०२२ ला ती मासेमारीच बंद ठेवावी लागली. तिनंही विचारलं, तुमच्याकडे मोजतात का गं? मोजतात म्हटलं. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था १९४७ पासून आहे, तिची माणसं वही घेऊन बंदराबंदरावर उतरलेला माल नोंदवतात. हे मी जरा जास्तच जोरात सांगितलं.

न दिसणारा धोका ओळखायला आपल्या माणसाला शिकवावं लागतं असंही नाही. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं, म्हणजे जमिनीखालची कोठारं होती (२००५ च्या पुरानं बहुतेक गेली). पेव उघडलं की हमाल आधी कंदील आत सोडायचे. कंदील विझला तर माणूस उतरत नसे. ही गोष्ट मी त्या म्हाताऱ्याला अजून सांगितलेली नाही, सांगणार आहे.

"परत कधी येणार?" याला माझं ठरलेलं उत्तर आहे, की सांगलीत समुद्र नाही. घाट उतरलं की रत्नागिरी आहे, हे मलाही माहीत आहे.

परवा आईची पार्सल आली. भडंग, मेतकूट आणि किलोभर हळद, साध्या पिशवीत, तोंडाला रबर. मंगळवारचं डोक्यात होतंच, प्रयोगशाळेतली एक कोरी चिठ्ठी आणून पिशवीला बांधली. गाव सांगली, तारीख टाकली. शेतकरी, या रकान्याशी अडले आणि अण्णांना फोन लावला. अण्णा चाळीस वर्षं अडत दुकानात दिवाणजी होते, त्यांना माहीत नसेल तर कोणाला?

"सांगलीची म्हणजे यार्डातली गं. वाळव्याची असेल, कर्नाटकातली असेल, निजामाबादचाही माल येतो आपल्याकडं."

"पण ही किलोभर? ही कोणाची?"

"आता दळून झाल्यावर कसं सांगू?" मग थोडं थांबून म्हणाले, "तुला ती आमटीत घालायचीय का कोर्टात द्यायचीय?"