ईसीएम गेलाय

कोल्हापुरात गाडी बंद पडली की ती एकट्याची राहत नाही. कावळा नाक्यावर माझी पडली तेव्हा ढकलायला चौघं आले आणि सांगायला सहा जण. "पंप गेलाय." "टाकीत कचरा आलाय." एकानं तर सरळ "इकून टाक भावा" म्हणूनच सांगितलं.

आबांची ही गाडी १९९७ सालची. गार असताना किल्ली फिरवायचा अवकाश, लगेच सुरू. वीस मिनिटं गुणी पोरासारखी चालायची आणि तापली की गप्प. अर्धा तास थांबलं की परत सुरू.

उद्यमनगरात नेली. मोडका भाग पुढ्यात ठेवला की लेथवर तसाच दुसरा उतरवून देणारी माणसं ही. माझा त्यांच्यावर आबांइतकाच विश्वास. मिस्त्रींनी पंप, प्लग, कॉइल, रिले, अर्थिंग सगळं तपासलं आणि डॅशबोर्डखालच्या चपट्या डबीकडं, म्हणजे इंजिनचा कारभार बघणाऱ्या कॉम्प्युटरकडं, बोट केलं. "साहेब, ईसीएम गेलाय. ह्येला आपल्याकडं पाना न्हाई." नवा कुठं मिळेना. भंगारात एक होता, पण तोही याच वयाचा.

दसऱ्याला दसरा चौकात छत्रपती घराण्याची मेबॅक येते, तेव्हा मी सोन्यापेक्षा तिच्याकडंच जास्त बघतो. स्वातंत्र्याच्या आधीची गाडी. तिचं दुखणं जाणत्या कानाला कळत असणार. बॉशनं १९६७ साली फोक्सवॅगन १६०० मध्ये पेट्रोल मोजून सोडणारं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आणलं, १९७९ मध्ये बीएमडब्ल्यूत पेट्रोल आणि ठिणगी दोन्हींचा कारभार एकाच डबीकडं गेला, आणि मिस्त्र्यांच्या कानाला काम उरलं नाही.

शेवटी राजारामपुरीतल्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांकडं गेलो. गाडीचं काम म्हटल्यावर हाकलतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "बॅटरीची वायर काढ आणि डबी आण. सर्किट ते सर्किट. उघडूया की."

चार स्क्रू. आत हिरवं बोर्ड, वर वार्निशचा थर. वरवर सगळं ठणठणीत. मग काकांनी बोर्ड उघडंच गाडीला जोडलं, गाडी दुकानाच्या दारात सुरू ठेवली आणि घरातनं हेअर ड्रायर मागवला. (काकूंनी तो का दिला, मला अजून कळलेलं नाही.) गरम वारा एका कोपऱ्यावर धरला तसं इंजिन गचकलं. त्या कोपऱ्यात करंगळीच्या नखाएवढे, वीज साठवणारे दोन कपॅसिटर, बुडाशी काळपट ओल. सोल्डरिंगचं टोक लागलं आणि मासळीसारखा वास सुटला. मटणाच्या गावात, भर दुपारी, टीव्हीच्या दुकानात! "आतलं पाणी गळलं की असाच वास येतो," काका म्हणाले. त्या गळतीनं तांब्याची एक रेघ खाल्ली होती. त्यांनी स्पिरिटनं जागा पुसली, रेघेवर केसाएवढी तार जोडली आणि १०५ अंश सोसणारे नवे कपॅसिटर बसवले. बसवताना उणे-अधिक तीनदा बघितलं. उलटा बसला तर फुटतो.

"किती झाले?"

"कपॅसिटरचे वीस. वासाचे काय घेऊ?"

दुसऱ्या दिवशी भर उन्हात तासभर गाडी फिरवली आणि मुद्दाम कावळा नाक्याच्या कडेला, इंजिन सुरू ठेवून, उभा राहिलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. काचेवर टकटक झाली. मागचाच भावा.

"परत पडली काय? ढकलू?"