जर्बेराला खत देण्याआधी बोअरचं पाणी तपासा

जर्बेराचं कोवळं पान पिवळं पडलं, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, की आपला हात आधी लोहाच्या पुडीकडे जातो. चार दिवस फरक दिसतो, मग पुन्हा तेच. बहुतेक वेळा बेडमध्ये लोह असतंच. मराठवाड्यातल्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर. ते बेडचा पीएच (आम्ल-अल्कतेचं माप) चढवतं आणि मुळांना लोह उचलता येत नाही.

पाण्याच्या अहवालात बायकार्बोनेटचा आकडा बघा. लिटरला 300 मिलिग्रॅम असेल, तर 60 शिल्लक ठेवून बाकीचं मारायला 1000 लिटरला 60 टक्के तीव्रतेचं नायट्रिक ॲसिड साधारण 300 मिली लागतं. आधी 20 लिटर पाण्यात 6 मिली घालून बघा. ढवळल्यावर पीएच 6 च्या आसपास यायला हवा. नंतर थोडा चढतो. ॲसिड पाण्यात ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय कॅनला हात लावू नका. एवढ्या ॲसिडमधून 1000 लिटरला सुमारे 55 ग्रॅम नत्र जातं, ते खताच्या हिशेबातून वजा करा. नाहीतर पानांचीच गर्दी होते.

पहिले तीन महिने 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं खत), फुलं लागली की पालाश वाढवायचं. प्रमाण लिटरला एक ते दीड ग्रॅम. पण मीटरवर ईसी (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) 1.8 दिसला आणि मूळ पाण्याचाच 1 असला, तर खताचा वाटा फक्त 0.8 आहे.

कॅल्शियम नायट्रेटची टाकी वेगळीच हवी. सल्फेट किंवा फॉस्फेटच्या दाट द्रावणात ते पडलं की पाणी दुधाळ होतं, तळाशी पांढरा साका बसतो आणि ड्रिपर चोंदतात. लॅटरलच्या (ड्रिपच्या नळीच्या) शेवटच्या टोकाची झाडं मान टाकायला लागली, तर रोग शोधण्याआधी तिथला ड्रिपर उघडून बघा.

पाणी झाडाला रोज 500 ते 700 मिली. एप्रिल-मेमध्ये ते दोन-तीन पाळ्यांत द्या, संध्याकाळी नको. मूठभर माती दाबा: बोटांतून पाणी आलं तर पाळी चुकवा, लाडू वळला आणि टिचकीने फुटला तर वाफसा बरोबर. गड्ड्यात (जिथून पानं फुटतात त्या भागात) पाणी साचलं की फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या रोगजंतूची कूज लागते, आणि ते झाड सहसा वाचत नाही. लागवड करतानाच गड्डा मातीच्या वर ठेवा.

शेततळ्यात पावसाचं पाणी असेल तर बोअरच्या पाण्यात निम्मं-निम्मं मिसळा. ॲसिड निम्म्याहूनही कमी लागतं. मात्र बादलीतली चाचणी पुन्हा करा.