हायडेलबर्गमधली सदतीस सेकंदं

हायडेलबर्गला लोक येतात ते किल्ला बघायला. लाल दगडाचा, अर्धा ढासळलेला, खाली नेकार नदी. मीही सकाळ तिथेच घालवली, जुन्या पुलावर फोटो काढले. पण या गावात उतरण्याचं माझं कारण वेगळं होतं. दुपारी स्टेशनवरून ट्राम धरली आणि नदीपलीकडे नॉयनहाइमर फेल्डला उतरलो. हा विद्यापीठाचा परिसर. इस्पितळं, प्रयोगशाळा, जिकडेतिकडे सायकली. पर्यटकाचं इथे काहीच काम नाही.

ऑगस्ट 1972 मध्ये इथल्या विद्यापीठाच्या क्रीडासंस्थेत पॅरालिम्पिक भरलं होतं. खरं तर ते म्युनिकला व्हायचं. पण तिथली ऑलिम्पिकची घरं खासगी फ्लॅट म्हणून जायची होती, म्हणून ही मंडळी हायडेलबर्गला आली. त्यांत होते आपले मुरलीकांत पेटकर. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे, लष्करातले बॉक्सर. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक मणक्यात रुतली आणि कमरेखालचं अंग लुळं पडलं. पोहायला लागले ते उपचार म्हणून. 1968 ला तेल अवीवमध्ये भारत पहिल्यांदा उतरला, तेव्हा ते टेबल टेनिस खेळले होते. हायडेलबर्गला पन्नास मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत! विश्वविक्रम आणि सुवर्ण.

शाळेत आम्हाला खाशाबा जाधव शिकवले: हेलसिंकी, 1952, कांस्य. 2008 ला अभिनव बिंद्राने ऑलिम्पिकमधलं पहिलं वैयक्तिक सुवर्ण आणलं, तेव्हा आमच्याकडे पेढे वाटले गेले. त्याच्याही 36 वर्षं आधीचं हे सुवर्ण मात्र कुणाच्या तोंडी नव्हतं. खाशाबांचं कराड आणि पेटकरांचं इस्लामपूर, मध्ये एसटीचा तासाभराचा रस्ता! पेटकरांना पद्मश्री मिळाली 2018 मध्ये.

देशाचंही तसंच. 1976 आणि 1980 च्या पॅरालिम्पिकला आपण गेलोच नाही. 1984 ला चार पदकं, त्यातली तीन एकट्या जोगिंदरसिंग बेदींची आणि भालाफेकीतलं एक रौप्य भीमराव केसरकरांचं. मग थेट 2004, अथेन्स, देवेंद्र झाझरियाचा भाला. रिओपर्यंतची सगळी बेरीज बारा पदकं. आणि नंतर एकट्या टोकियोत 19, पॅरिसला 29. पॅरिसमध्ये गोळाफेकीत रौप्य मिळवणारा सचिन खिलारीही सांगलीचाच, हे मी जर्मनीतल्या त्या ट्रामस्टॉपवर स्वतःलाच ऐकवलं.

वाटेत एका विद्यार्थ्याला 1972 बद्दल विचारलं. त्याने क्रीडासंस्थेकडे बोट दाखवलं. स्पर्धेचं त्यालाही ठाऊक नव्हतं. तसा तोही माझ्यासारखाच.

परतताना एका सरळ वाटेवर अंदाजाने पन्नास मीटर धरले, मोबाइलवर घड्याळ लावलं आणि नेहमीच्या चालीने निघालो. टोकाला पोचलो तेव्हा 39 सेकंदं झाली होती. पाय दोन्ही धड, खाली डांबर. पेटकर नुसत्या हातांच्या जोरावर, पाण्यातून, माझ्या आधी पोचले होते.